कारीची शकावली व अद्भुतकथांचीं कागदविरहित नियतकालिकें

भोर तालुक्यांतील कारी गांवच्या जेधे देशमुखांच्या घरीं एक टिपण होतें. लोकमान्य टिळकांनीं तें १९१६ सालीं प्रसिद्ध केलें, आणि शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या घडामोडींस तिथिवार आधार मिळाला. शिवजन्माची फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथि याच शकावलींत आहे. रोहिडखोऱ्याचा पाऊस आणि राज्यांची उलथापालथ यांतून तें टिपण टिकलें, म्हणूनच तिथीचा वाद पुराव्यावर आला. प्रस्तुत लेखांत ज्या वाङ्मयाचा विचार आम्ही करणार आहों, तें जेमतेम पाव शतकाचें आहे. तथापि प्रश्न तोच आहे. मागाहून येणाऱ्या अभ्यासकाच्या हातीं काय लागेल?

अद्भुत व विज्ञानकल्पित कथेचा मराठी वंश मासिकांच्या आश्रयानेंच वाढला. १८८६ सालीं कोचीन येथें निघालेल्या ‘केरळ कोकिळ’ मासिकांत संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये यांनीं ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचा मराठी अनुवाद १९०० पासून क्रमशः दिला. केवळ अशा कथांना वाहिलेलें अमेरिकेंतील ‘अमेझिंग स्टोरीज’ हें मासिक १९२६ सालचें. म्हणजे मराठी वाचकाची चंद्रलोकाची वाट त्याच्या आधींच मोकळी झाली होती. पुढें श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची ‘तारेचें हास्य’ ही कथा आली. १९४६ सालीं ‘हंस’ काढणाऱ्या अनंत अंतरकरांनीं मागाहून ‘नवल’ काढून गूढ व अद्भुत कथेस हक्काचें घर दिलें. १९६६ सालीं स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठीं जयंत नारळीकरांनीं १९७४ सालीं ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनांवानें ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली. बंगालींत अद्रीश बर्धन यांचें ‘आश्चर्य’ १९६३ सालीं निघालें होतें. या सर्वांचे अंक कोठें ना कोठें, वाळवीनें खाल्लेले कां होईनात, पाहावयास मिळण्याची आशा असते.

यापुढील टप्पा संगणकाच्या जाळ्यावरचा. सप्टेंबर २००० मध्यें ‘स्ट्रेंज होरायझन्स’ हें इंग्रजी साप्ताहिक निघालें. त्याच्या संस्थापिका मेरी ॲन मोहनराज या जन्मानें श्रीलंकेच्या. तें वाचकांच्या देणग्यांवर व स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालत आलें असून त्याचे जुने अंक सर्वांस खुले आहेत. २००६ सालीं ‘क्लार्क्सवर्ल्ड’ आलें. २०१६ सालीं कोलकात्याहून ‘कल्पविश्व’ हें बंगाली नियतकालिक याच मार्गानें निघालें.

परंतु ‘सायफिक्शन’ची हकीकत निराळी आहे. एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या आश्रयाखालीं २००० सालीं निघालेल्या या नियतकालिकाच्या संपादिका एलेन डॅटलो होत्या. २००५ सालीं त्यास ह्यूगो पारितोषिक मिळालें आणि त्याच वर्षअखेरीस तें बंद पडलें. पुढें मालकांनीं जुन्या कथांचीं पानेंहि काढून टाकलीं. ना आग लागली, ना पूर आला. निधि देणाऱ्याचें मन फिरलें, इतकेंच. इंटरनेट आर्काइव्ह या त्रयस्थ संस्थेनें नकला घेतल्या नसत्या, तर त्या पानांचा मागमूसहि राहिला नसता.

दुसरी अडचण पाठाची. पोथींत खाडाखोड झाली, तर हरताळ व निराळी शाई साक्ष देतात. येथें संपादकानें वाक्य बदललें, तर जुना पाठ मागें राहीलच असें नाहीं. १९५४ चा ग्रंथ-समर्पण कायदा झाला तो छापील ग्रंथांकरितां; त्यामुळें छापखान्याच्या पुस्तकास जें सरकारी छत्र मिळालें, तें या वाङ्मयास आपोआप मिळालें नाहीं.

कोणी म्हणेल, कल्पितकथा हें इतिहासाचें साधनच नव्हे. राजगड-तोरण्याच्या इतिहासाचा शोध घेणाऱ्यांनीं परग्रहांच्या गोष्टींची चिंता कां वाहावी? घडलेल्या गोष्टींचें साधन ती नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु एखाद्या पिढीस कशाचें भय वाटलें आणि तिनें कोणती आशा धरली, हें तिच्या कल्पितांतून जसें दिसतें तसें दप्तरांतून क्वचितच दिसतें. बखरींतील अद्भुताकडेहि आपण याच दृष्टीनें पाहतों.

म्हणून आमची सूचना अशी कीं, अशा नियतकालिकांच्या चालकांनीं प्रत्येक अंकावर प्रसिद्धीची तिथि द्यावी, दुरुस्तीची नोंद ठेवावी, आणि निदान एक छापील प्रत सार्वजनिक संग्रहांत द्यावी. जेध्यांच्या घरीं टिपण लिहिणाऱ्यास तें पुढें कोण वाचील याची कल्पना नव्हती. त्यानें तिथि लिहिली आणि घरच्यांनीं कागद जपला; आपल्या काळाच्या कथांकरितां तेवढें तरी आपण करावें.