पेटीबाहेरची पेटी

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या यंत्रांचा इतिहास जो कोणी लिहितो, तो बहुधा खेळांचा, चित्रांचा आणि कंपन्यांच्या चढाओढीचा इतिहास लिहितो. त्या यंत्राला वीज कोणत्या वाटेने पोहोचली आणि तिचे काम आटोपल्यावर मागे राहिलेली उष्णता कोठे गेली, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः गेल्या पन्नास वर्षांत या यंत्रांचा आकार, त्यांचे आयुष्य, आणि प्रसंगी त्यांच्या निर्मात्यांचा ताळेबंदही या एका प्रश्नाने ठरविला आहे. भिंतीतून येणारा प्रत्यावर्ती प्रवाह चिपला सोसेल अशा अल्प दाबाच्या एकदिश प्रवाहात बदलताना काही वीज उष्णता होऊन जाते, आणि जी चिपपर्यंत पोहोचते तीही आपले गणित उरकून अखेर उष्णताच होते. यंत्र जितके वॉट घेते, तितकेच ते उष्णतेच्या रूपाने खोलीत सोडते. ही उष्णता नाहीशी करण्याची विद्या कोणापाशीच नाही. ती कोठे उत्पन्न व्हावी आणि कोणत्या मार्गाने बाहेर पडावी, एवढेच रचनाकाराच्या अखत्यारीत असते.

१९७२ साली अमेरिकेतील मॅग्नावॉक्स कंपनीने राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून साकारलेले ‘ओडिसी’ बाजारात आणले, तेव्हा हा प्रश्न जवळजवळ उद्भवलेलाच नव्हता. त्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता, ते सहा बॅटऱ्यांवर चाले, आणि ज्याला भिंतीतली वीज हवी असेल त्याने अडॅप्टर निराळा विकत घ्यावा अशी तजवीज होती. १९७७ च्या अटारीच्या यंत्राला मात्र नऊ व्होल्टचा, अर्ध्या अँपिअरचा काळा अडॅप्टर लागे, आणि पुढे वर्षानुवर्षे हीच रीत रूढ झाली. तिच्या मुळाशी दोन सबळ कारणे होती. जपानात घरगुती वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत १२० ची, युरोपात त्याच्या जवळजवळ दुप्पट. खुद्द जपानात पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्‌झ. तेव्हा मूळ यंत्र शक्यतो एकसारखे ठेवावे आणि प्रत्येक मुलखासाठी केवळ रोहित्राचा ठोकळा बदलावा, यात कारखानदाराची सोय होती. दुसरे कारण सुरक्षिततेचे: जीव घेऊ शकेल असा दाब मुलांच्या हाताखालच्या पेटीत शिरतच नसेल, तर सरकारी आणि बिगरसरकारी कसोट्यांचा मुख्य भार त्या ठोकळ्यावरच पडतो. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानात ‘फॅमिकॉम’ विक्रीस काढला तो अशाच अडॅप्टरसह, आणि १९९० मध्ये ‘सुपर फॅमिकॉम’ आला तेव्हा जुन्याच अडॅप्टरवर तो चालत असल्यामुळे नव्या पेटीत अडॅप्टर घातलाच नाही.

मूळ फॅमिकॉम हेच यंत्र १९८५ साली ‘एनईएस’ या नावाने अमेरिकेत गेले, तेव्हा त्याच्या वीजपुरवठ्याची जी विभागणी झाली ती जवळून पाहण्याजोगी आहे. बाहेरच्या ठोकळ्यात केवळ रोहित्र होते, आणि त्यातून नऊ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाहच बाहेर पडे. त्याला एकदिश करून पाच व्होल्टवर स्थिर करण्याचे काम यंत्राच्या मागील कोपऱ्यातल्या पत्र्याच्या लहान डबीत, ७८०५ या क्रमांकाच्या तीन पायांच्या नियामकाकडे सोपविलेले होते. या नियामकाची कार्यपद्धती अगदी सरळ आहे: पाच व्होल्टच्या वर जितका दाब येईल तितका तो स्वतःच्या अंगावर घेतो आणि त्याची उष्णता करून टाकतो. येणाऱ्या विजेपैकी सुमारे निम्मी अशा रीतीने खर्ची पडे, आणि ती धातूच्या पत्र्यावाटे हवेत जाई. पंखा नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती, कारण सगळा व्यवहार मोजक्या वॉटांचा होता. जड भाग बाहेर आणि तापणारा भाग आत, अशी ही वाटणी कित्येक वर्षे बिनतक्रार चालली.

सोनीने ३ डिसेंबर १९९४ रोजी आणलेल्या ‘प्लेस्टेशन’ने ही वाटणी मोडली आणि संपूर्ण वीजपुरवठा पेटीत घेतला. मागे केवळ एक बारीक दोरी उरली आणि ग्राहक संतुष्ट झाला. परंतु पहिल्या नमुन्यांत तबकडी वाचणारा लेसरचा भाग नेमका वीजपुरवठ्याच्या शेजारी होता आणि त्याचा सरकता सांगाडा प्लॅस्टिकचा होता. सततच्या उबेने आणि घर्षणाने तो सांगाडा झिजे, वाकडा होई, आणि चित्रफिती अडखळू लागत. मग जगभरातील मुले ते यंत्र उभे करून किंवा चक्क उलटे ठेवून खेळू लागली. नंतरच्या नमुन्यांत लेसर दूरच्या बाजूला हलविण्यात आला. २००० साली निघालेल्या धाकट्या ‘पीएस वन’मध्ये तर वीजपुरवठाच पुन्हा बाहेर गेला. त्या सुमाराचा दशकभराचा काळ या ये-जा करण्यातच गेला: निन्टेन्डो ६४ मध्ये ठोकळा यंत्राच्या पाठीत खोचला जाई, बारीक ‘प्लेस्टेशन २’ मध्ये तो २००४ साली बाहेर आला, पुढच्या वर्षी त्याचे काही अडॅप्टर अतितापामुळे परत मागविण्यात आले, आणि शेवटच्या नमुन्यात तो पुन्हा आत शिरला. आतला वीजपुरवठा निर्धोक असतो असेही नाही. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या ‘एक्सबॉक्स’मध्ये तो आतच होता, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये आगीच्या संभवामुळे त्या कंपनीला १ कोटी ४१ लाख दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या.

आता ज्या यंत्रापाशी विशेष थांबावयाचे ते २२ नोव्हेंबर २००५ रोजी अमेरिकेत विक्रीस आलेले ‘एक्सबॉक्स ३६०’. थोरले भावंड अवजड म्हणून, विशेषतः जपानात, नापसंत झाले होते. म्हणून या वेळी कंबर आत ओढल्यासारखा सडपातळ आकार ठरला, आणि तो साधण्यासाठी वीजपुरवठा बाहेर काढण्यात आला. तो ठोकळा म्हणजे विटेएवढा मोठा, २०३ वॉटचा, आत स्वतःचा पंखा असलेला, आणि दिवा असलेला: यंत्र चालू असता हिरवा, विसाव्यात नारिंगी, दोष असल्यास तांबडा. लोकांनी त्याच्या आकारमानाची पुष्कळ निंदा केली. परंतु रूपांतरणातली बरीचशी उष्णता या ठोकळ्याने पेटीबाहेर ठेवली होती, आणि आपले काम तो चोख बजावीत होता.

आपत्ती उद्भवली ती आत. चित्रे रचणाऱ्या चिपच्या थेट वर डीव्हीडीचा ड्राइव्ह बसविलेला होता, त्यामुळे त्या चिपच्या डोक्यावरील, उष्णता ओढून हवेत सोडणाऱ्या धातूच्या हीट सिंकला उंच होण्यास वावच नव्हता. शेजारच्या मुख्य प्रोसेसरला मात्र उंच हीट सिंक लाभला होता. बोर्डाखालून फुलीच्या आकाराच्या पोलादी पट्ट्यांनी हे हीट सिंक आवळून धरलेले असत. यंत्र तापे तेव्हा सर्व काही प्रसरण पावे, बंद केल्यावर आकुंचन पावे, आणि या नित्याच्या ताणात चिपचे सूक्ष्म जोड एकेक करून निखळत. युरोपीय संघाचा शिशावरील निर्बंध १ जुलै २००६ पासून लागू व्हावयाचा होता, त्यामुळे कारखाने शिसेविरहित डाखाकडे वळत होते, आणि दीर्घकाळ सारा दोष या डाखालाच देण्यात आला. कंपनीने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीपटात तिच्या अभियंत्यांनी मात्र सांगितले, की घटक भागांच्या आतले जोड तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी तुटत होते. तोवर या बिघाडाची खूण म्हणून समोरच्या बटणाभोवती पेटणारी तीन तांबडी पाती जगप्रसिद्ध झाली होती. काही मालक तर यंत्र टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवीत. क्षणभर जोड जुळे, यंत्र थोडे चाले, आणि मग कायमचे मिटे. ५ जुलै २००७ रोजी कंपनीने या दोषापुरती हमी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरांहून अधिक रकमेची तरतूद केली. खेळण्याच्या यंत्राच्या इतिहासात उष्णतेने वसूल केलेला एवढा मोठा दंड माझ्या माहितीत दुसरा नाही.

त्यानंतरच्या नमुन्यांत चिप लहान होत गेल्या आणि ठोकळाही १७५, १५० व पुढे १३५ वॉटांपर्यंत उतरला. जुन्या, अधिक भुकेल्या यंत्राला नवा लहान ठोकळा चुकून लागू नये म्हणून जोडणीचा आकारही बदलण्यात आला. २०१३ च्या ‘एक्सबॉक्स वन’मध्ये भीती स्पष्ट दिसते: पेटी प्रशस्त, पंखा मोठा, आणि तरीही ठोकळा बाहेर. त्याच वर्षीच्या ‘प्लेस्टेशन ४’ने तो आत घेऊनही अंग बारीक ठेवले होते. २०१६ च्या ‘वन एस’पासून मायक्रोसॉफ्टनेही तो आत घेतला. आजचे यंत्र आपली सारी उष्णता स्वतःच वाहते, आणि त्याची किंमत आकारमानात मोजते: २०२० च्या ‘प्लेस्टेशन ५’मध्ये ३५० वॉटचा वीजपुरवठा, चिपवर द्रवरूप धातूचा लेप, आणि १२० मिलिमीटर व्यासाचा, ४५ मिलिमीटर जाडीचा पंखा आहे.

आपल्याकडच्या मालकाला या इतिहासातील दोन गोष्टी विशेष लागू पडतात. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेले जुने यंत्र आपल्या २३० व्होल्टला लावले की १२० व्होल्टचा ठोकळा जळे. परंतु बहुधा ठोकळाच जळे, आणि दुसरा मिळवून मूळ यंत्र पुन्हा चालविता येई. दुसरी गोष्ट, सोनीच्या माहितीपुस्तकांत यंत्रासाठी भोवतालचे तपमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस असावे असे लिहिलेले असते, आणि नागपूर-चंद्रपुराकडे वैशाखात पारा ४५ च्या आसपास जातो. तेथे बंद कपाटात ठेवलेल्या यंत्राला कोणताही पंखा वाचवू शकत नाही.

बाहेरच्या ठोकळ्याला कुरूप म्हणणाऱ्यांशी माझा स्पष्ट मतभेद आहे. वीजपुरवठा हा अशा यंत्रातील वारंवार जीर्ण होणारा भाग आहे, आणि जो भाग जीर्ण होणार तो मालकाला स्वतः बदलता यावा, ही सोय चार इंच जागेपेक्षा मोलाची होती. ज्यांच्या माळ्यावर अशी जुनी यंत्रे पडून आहेत त्यांना एवढीच विनंती, की ठोकळे टाकून देऊ नयेत, ते ज्याच्या त्याच्या यंत्रासोबत बांधून ठेवावेत, आणि लावण्यापूर्वी त्यांवरची बारीक अक्षरे अवश्य वाचावीत: एनईएसच्या आत प्रवाह एकदिश करण्याची सोय असल्यामुळे ते कोणत्याही दिशेचा प्रवाह चालवून घेते, परंतु त्याचा प्रत्यावर्ती अडॅप्टर फॅमिकॉमला लावल्यास फॅमिकॉम निकामी होण्याचा धोका असतो.