चंद्रकळा की आलवण? जुन्या छायाचित्रांना रंग देताना

१/ वाड्याच्या चौकात घेतलेले, १९०० च्या सुमाराचे एक कौटुंबिक छायाचित्र समोर आहे, अशी कल्पना करावी. मागच्या रांगेत दोन स्त्रिया उभ्या आहेत. दोघींची नऊवारी लुगडी सारखीच काळपट दिसतात. प्रत्यक्षात एकीच्या अंगावर नव्या सुनेला संक्रांतीसाठी हौसेने घेतलेली काळी चंद्रकळा असू शकते. दुसरीच्या अंगावर केशवपन झालेल्या विधवेचे तांबडे आलवण असू शकते. संगणकावर हे छायाचित्र रंगवायला बसलेल्याने प्रथम येथे थांबले पाहिजे.

२/ तांबडे वस्त्र काळे का दिसते? एकोणिसाव्या शतकातील काचेवर चांदीच्या क्षारांचा जो थर असे, तो मुख्यतः निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देई. तांबडा प्रकाश त्याला जवळजवळ जाणवतच नसे. म्हणून निळे आकाश पांढरे उमटे, निळे वस्त्र फिके दिसे आणि कपाळावरचे कुंकू काळे पडे. पिवळा रंगही डोळ्यांना दिसतो त्याहून गडद येई.

३/ १८७३ साली बर्लिनमधील रसायनतज्ज्ञ हेर्मान फोगेल यांना आढळले, की या थरात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली तर तो इतर रंगांचा प्रकाशही टिपू शकतो. त्यातून हिरवा प्रकाश टिपणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा निघाल्या. तांबडा मात्र त्यांनाही दिसत नसे. सर्व दृश्य रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ साली बाजारात आल्या आणि त्या सर्रास वापरात यायला आणखी बरीच वर्षे गेली. म्हणून छायाचित्राचा काळ ठरवणे, ही रंगकामाची पहिली पायरी होय.

४/ हाच नियम त्वचेलाही लागू पडतो. तांबूस-तपकिरी त्वचा निळा प्रकाश कमी परावर्तित करते. त्यामुळे जुन्या काचेवर ती प्रत्यक्षाहून गडद उमटते. केवळ फोटो पाहून पणजोबांचा वर्ण ठरवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

५/ छायाचित्राला रंग देण्याची हौस मुळीच नवी नाही. डागेर यांची पद्धत १८३९ साली जाहीर झाली आणि काही वर्षांतच छायाचित्रांवर हाताने रंग चढू लागले. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईच्या आरंभीच्या हिंदी छायाचित्रकारांपैकी एक. पुढे हिंदुस्थानातील अनेक स्टुडिओंत चित्रकार कामाला असत. ते जलरंग किंवा तैलरंग लावत; कधी कधी इतके, की खालचा फोटो ओळखू येऊ नये.

६/ तो चित्रकार खुशामत करी, दागिने उजळी, पडदे व गालिचे रंगवी. तरीही गिऱ्हाईक त्याच्या समोर असे. शालू कोणत्या रंगाचा होता, हे त्याला विचारता येई. आज शंभर वर्षांनी तोच फोटो रंगवणाऱ्याला ही सोय नाही.

७/ संगणकाने आपोआप रंग भरण्याच्या तंत्राला २०१६ च्या सुमारास मोठी गती मिळाली. त्या वर्षी रिचर्ड झँग, फिलिप आयसोला आणि अलेक्सेई एफ्रोस यांनी दहा लाखांहून अधिक रंगीत चित्रांवर शिकवलेली प्रणाली मांडली. रंगीत चित्राचे आधी करडे रूप करायचे आणि त्यावरून मूळ रंग ओळखायला यंत्राला शिकवायचे, ही तिची रीत. २०१८ साली जेसन अँटिक यांची ‘डीओल्डिफाय’ ही प्रणाली आली आणि घरोघरचे फोटो रंगू लागले.

८/ यात एक मूलभूत अडचण आहे. यंत्र ज्या करड्या छटांवर शिकते, त्या आधुनिक रंगीत चित्रांवरून हिशेबाने काढलेल्या असतात. तांबडा रंग तेथे मध्यम करडा असतो. १९०० च्या काचेवर तोच रंग काळा असतो. म्हणजे यंत्र एका लिपीत शिकते आणि दुसऱ्या लिपीतला मजकूर वाचू पाहते. ते देते ते उत्तर संभाव्य असते, पुराव्याने सिद्ध झालेले नसते.

९/ आता त्या दोन स्त्रियांकडे परत यावे. आलवणाला यंत्र गडद निळा किंवा तपकिरी रंग देऊन मोकळे होईल. चित्र देखणे दिसेल. पण आलवणाचा तांबडा रंग हौसेचा नव्हता, सक्तीचा होता. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी आश्रम सुरू केला, तो याच सक्तीच्या जगात. तो रंग बदलला, की त्या स्त्रीने काय सोसले याची घरात उरलेली एकमेव खूणही पुसली जाऊ शकते.

१०/ उलट चूकही तितकीच सोपी आहे. डाग काढणाऱ्या ब्रशला कुंकवाचा काळा ठिपका आणि धुळीचा कण सारखेच वाटतात. एका क्लिकसरशी कपाळ स्वच्छ होते आणि सवाष्ण स्त्री विधवा ठरते. म्हणून कपाळ, गळा आणि मनगटे मूळ फोटोत भिंगाने तपासावीत. मंगळसूत्र, बांगड्या, लुगड्याचे काठ, चोळी, डोक्यावरून घेतलेला पदर हे सारे एकत्र वाचावे. एकट्या खुणेवर निष्कर्ष काढू नये.

११/ ही काळजी घरापुरती मर्यादित नाही. कंबोडियातील तुओल स्लेंग तुरुंगात ख्मेर रूज राजवटीने बंदिवानांची छायाचित्रे घेतली होती. त्यांतील बहुतेकांना पुढे ठार मारण्यात आले. २०२१ साली त्यांतील काही छायाचित्रे रंगवून प्रसिद्ध झाली, तेव्हा काही चेहऱ्यांवर मूळ फोटोत नसलेले हसू आढळले. मृतांचे नातलग संतापले, कंबोडियाच्या सरकारने निषेध केला आणि ती छायाचित्रे मागे घ्यावी लागली.

१२/ काम शिकणाऱ्यासाठी क्रम असा: मूळ फोटो पाण्याने किंवा कापडाने पुसू नये. तो किमान ६०० डीपीआयवर, कृष्णधवल असला तरी रंगीत पद्धतीने स्कॅन करावा आणि टिफ स्वरूपात जपावा. त्या फाईलला पुन्हा हात लावू नये. काम नेहमी प्रतीवर करावे. पाठीमागचा मजकूर आणि स्टुडिओचा शिक्काही स्कॅन करावा. काळ ठरवायला त्याचाच आधार मिळतो.

१३/ दुरुस्ती एका लेयरवर आणि रंग दुसऱ्यांवर ठेवावेत. प्रत्येक वस्त्राला स्वतंत्र लेयर द्यावा. चूक कळली, की तेवढीच बदलता येते. फाटून गेलेला चेहरा यंत्राकडून ‘पूर्ण’ करून घेऊ नये. तो चेहरा मग दुसऱ्याच कोणाचा असतो. रंगासाठी पुरावे शोधावेत: ट्रंकेत जपलेले लुगडे, लग्नाच्या खर्चाची वही, संग्रहालयातील त्या काळची वस्त्रे, घरातील वडीलधाऱ्यांची आठवण.

१४/ काम पुरे झाले, की रंगीत प्रतीखाली तीन गोष्टी लिहाव्यात: मूळ फोटोचा अंदाजे काळ, कोणते रंग पुराव्यावर आधारले आहेत, आणि कोणते केवळ तर्काने दिले आहेत. रंगीत प्रत मूळ प्रतीशिवाय कोणाला पाठवू नये. आणि पुरावा मिळालाच नाही, तर मागच्या रांगेतील ती दोन लुगडी करडीच राहू द्यावीत. पुढे कोणाला एखादे पत्र किंवा लुगड्याचा तुकडा सापडला, तर त्याला रंग भरायला जागा राहील.