हातात पाना आला, कागद कधी येणार? वऱ्हाडातल्या ट्रक मिस्त्रीचा इतिहास

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने 'पीएम विश्वकर्मा' योजना सुरू केली. योजनेत १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी, शिंपी, टोपल्या आणि झाडू विणणारे... यादी वाचत गेले की गावगाड्यातल्या बलुतेदारांचीच हजेरी चालली आहे असे वाटते. यादीतल्या कारागिराला ओळखपत्र मिळते, प्रशिक्षण मिळते, प्रमाणपत्र मिळते, अवजारांसाठी १५ हजार रुपये मिळतात आणि ३ लाखांपर्यंतचे कर्ज ५ टक्के व्याजाने मिळते.

आता अमरावतीहून अकोल्याला जा. बडनेरा सोडले, मूर्तिजापूर आले, अकोला आले. रस्त्याच्या कडेला टपऱ्या आणि गॅरेजेस. ट्रकखाली आडवा पडलेला, काळ्या हाताचा मिस्त्री तुम्हाला दर दोन-चार मैलांवर दिसेल. तो कारागीर नाही का? मग त्या १८ जणांच्या यादीत तो का नाही?

गरीब कारागिराला मदत मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. योजनेत जातीची अट लिहिलेली नाही हेही खरे आहे. पण ज्या धंद्यांना पिढीजात परंपरा आहे तेवढेच धंदे 'कौशल्य' म्हणून मोजायचे, आणि जो धंदा माणूस जन्माने नाही तर उमेदीने शिकतो तो मोजायचाच नाही, ही दृष्टी कुठून येते? याचे उत्तर आजच्या सरकारी कागदात सापडणार नाही. त्यासाठी वऱ्हाडात माल कोणी वाहिला आणि माल वाहणारे साधन कोणी दुरुस्त केले, हा इतिहास पाहावा लागेल.

बैलगाडीच्या प्रत्येक भागाला जात होती

रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर आणि बैलगाडीतून जात होता. लांबचा माल बंजाऱ्यांचे तांडे नेत. गावातल्या गाडीची दुरुस्ती मात्र जातीजातीत वाटलेली होती. चाक आणि साटा सुताराचा. चाकावरची लोखंडी धाव लोहाराची. दोर आणि नाडा मांगाने वळायचा. चामडी पट्टे चांभाराने द्यायचे. महाराच्या वाट्याला दुरुस्ती नव्हती, वेठ होती. सरकारी अंमलदार आला की त्याचे सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत पोहोचवायचे.

म्हणजे एक गाडी चालण्यासाठी चार जातींचे हात लागत. पण एका जातीच्या हाताला दुसऱ्याचे काम शिकण्याची मुभा नव्हती. मांगाच्या पोराने कितीही बुद्धी चालवली तरी चाक घडवायला त्याला कोणी बसवणार नव्हते. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिव्यवस्थेचे उच्चाटन' मध्ये जी मूळ गोष्ट सांगितली ती हीच. जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, आणि तीही एकावर एक उतरंड रचून केलेली. हे समजायला पुस्तक हातात नसेल तर एखादी जुनी बैलगाडी डोळ्यांपुढे आणली तरी पुरे.

रेल्वे आली, उतरंडही सोबत चढली

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून त्यांची नजर वऱ्हाडच्या कापसाकडे वळली. जी.आय.पी. रेल्वे भुसावळहून अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. पुढच्या काही वर्षांत खामगाव आणि अमरावती या कापसाच्या बाजारपेठांना फाटे जोडले गेले. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. तांड्यांचा धंदा बुडाला. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या देशाचा माल वाहिला, त्या भटक्या समाजांच्या मागे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा लागला. साधन बदलले की जुन्या साधनावर जगणाऱ्याला चोर ठरवायचे, हा या देशातला जुना अनुभव आहे.

पण रेल्वेने एक दारही उघडले. इंजिन हे कोणत्याच जातीचे वंशपरंपरागत काम नव्हते. बॉयलर, पिस्टन, व्हॉल्व्ह यांचे वतन कोणाच्याच नावावर नव्हते. कोणीही शिकावे आणि कोणीही करावे असे ते काम होते. मग आपली माणसे मेकॅनिक झाली का?

याचे उत्तर बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला दिले. १२ आणि १३ फेब्रुवारीला तिथे जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचे विधान आपण दर मेळाव्यात ऐकतो. पण त्याच भाषणातला दुसरा भाग आपण फारसा सांगत नाही. रेल्वेत आपला माणूस कुठे अडकतो, याचा त्यांनी जागेनिशी हिशेब मांडला होता. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. पोर्टरची जागा त्याला मिळत नाही, कारण स्टेशन मास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्याचा हात त्याला घरात चालत नाही. वर्कशॉपमध्ये तर मेकॅनिकची जागा त्याच्यासाठी जवळपास बंदच. तो हमाल म्हणून आत जातो आणि हमाल म्हणूनच बाहेर पडतो.

हे भाषण मनमाडला झाले, पण ज्या जी.आय.पी.बद्दल झाले तिचे रूळ अकोला-बडनेऱ्यातून जातात. म्हणजे ही आपल्याच आजोबा-पणजोबांची कैफियत होती. यंत्राला जात नव्हती, पण यंत्राजवळ कोणी उभे राहायचे आणि कोणी दूर उभे राहून कोळसा वाहायचा, हे जात ठरवत होती. त्या काळातले काही कामगार पुढारी म्हणत की कारखान्यात गेले की जात आपोआप गळून पडते. बाबासाहेबांनी वर्कशॉपच्या दाराकडे बोट दाखवून विचारले, मग हे दार कोणी बंद केले?

मूर्तिजापूरचे इंजिन काय सांगते

अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरहून एक नॅरोगेज गाडी यवतमाळला आणि अचलपूरला जायची. लोक तिला शकुंतला म्हणतात. ही लाइन किलिक निक्सनच्या कंपनीच्या मालकीची आणि ती वऱ्हाडचा कापूस मुख्य लाइनवर आणण्यासाठीच टाकलेली. या गाडीला मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन होते. १९२३ पासून ते धावू लागले आणि एप्रिल १९९४ मध्ये डिझेल इंजिन आले तेव्हा कुठे थांबले. सत्तर वर्षांहून अधिक!

वर्तमानपत्रांनी या गाडीवर कौतुकाने पुष्कळ लिहिले. ब्रिटिश कंपनी, जुने स्टेशन, झुकझुक गाडी असे ते कौतुक. पण एक यंत्र सत्तर वर्षे आपोआप चालत नाही. नळ्या गळतात, बेअरिंग झिजते, वायसर मिळत नाही. मग कोणीतरी घासून, ठोकून, वळवून नवा भाग बनवतो. इंजिन बनवणाऱ्या कारखान्याचे नाव पुस्तकात आहे, मालक कंपनीचे नाव पुस्तकात आहे. ते इंजिन रोज जागे करणाऱ्या फिटर-खलाशांचे नाव कुठे आहे? ज्याच्या हातात लेखणी होती त्याने इतिहास लिहिला. ज्याच्या हातात पाना होता तो त्यात आलाच नाही.

मजूरमंत्री बाबासाहेबांनी काय मागितले

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात नोकऱ्या आहेत, परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या आहेत, आणि एक मागणी आज पुन्हा वाचण्यासारखी आहे. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्या, अशी ती मागणी होती. आपल्या मुलाने वकील व्हावे हे त्यांना हवे होतेच. पण त्याने मशीन चालवावे, मशीन खोलावे आणि त्याचा कागदही त्याच्याकडे असावा, हेही त्यांना हवे होते.

कामगार विम्याची योजना आखण्यासाठी नेमलेल्या अडारकरांचा अहवाल बाबासाहेबांच्या मजूर खात्याच्या काळातला. पुढे त्यातूनच १९४८ चा ई.एस.आय. कायदा झाला. नंतर शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा, आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांचे कलम १९७३ च्या दुरुस्तीने आले. १९३८ ला मनमाडला मांडलेली तक्रार कायद्यात उतरायला ३५ वर्षे लागली.

ट्रकखालची शाळा

पुढे माल रुळांवरून रस्त्यावर आला. अकोल्याची डाळ, वरूड-मोर्शीची संत्री, १७० किलोची एकेक अशा रुईच्या गाठी, सगळे ट्रकमध्ये. संत्र्याचा ट्रक वाटेत बंद पडला तर मिस्त्री किती वेळात येतो यावर शेतकऱ्याचा हंगाम ठरतो. आणि या रस्त्याच्या कडेला एक शाळा उभी राहिली, जिला ना इमारत ना फळा. उस्ताद, मिस्त्री, हेल्पर, आणि सर्वांत खाली 'छोटू'. आधी भाग डिझेलमध्ये धुवायचे, मग ग्रीसिंग, मग चाक उतरवणे, ब्रेक लायनर, कमानीचे पान बदलणे, क्लच प्लेट, गिअर बॉक्स आणि शेवटी इंजिनला हात.

या शाळेत मुस्लिम उस्तादाच्या हाताखाली बौद्ध पोरगा शिकतो, त्याच्या शेजारी मातंग, त्याच्या शेजारी तेली-कुणब्याचा. वाहन दुरुस्तीच्या धंद्यात मुस्लिमांचे प्रमाण मोठे आहे हे सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवलेच आहे. उस्तादाने जात विचारून पाना दिला नाही. बैलगाडीच्या चाकाजवळ जे अशक्य होते ते ट्रकच्या चाकाजवळ घडले, ही छोटी गोष्ट नाही.

पण आम्ही याचे गोडवे गाणार नाही. जॅक सरकला की माणूस दबतो. हवा भरताना चाकाची रिंग उडाली की जीव जातो. आणि ई.एस.आय. लागू व्हायला दहा कामगार लागतात. गॅरेजवर असतात चार. बाबासाहेबांच्या खात्यात सुरू झालेली योजना ट्रकखालच्या माणसापर्यंत पोहोचतच नाही. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली, तीत १४ वर्षांखालच्या मुलाला घरच्या धंद्यात 'मदत' करायची सवलत ठेवली. घरचा धंदा म्हणजे या देशात बहुतेक वेळा जातीचा धंदा, हे सांगायला पंडित लागत नाही.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले. ७२० कामगार लागले. गिनीज बुकात नोंद झाली. चांगले झाले. पण त्याच रस्त्यावर रोज ट्रक चालता ठेवणाऱ्याची नोंद कुठल्या वहीत आहे?

नवी भिंत

१ एप्रिल २०२० पासून नवीन ट्रक बीएस-६ चे. सेन्सर आले, युरियाची टाकी आली, स्कॅनर आला. मूर्तिजापूरकडच्या एका जुन्या मिस्त्रीला आम्ही विचारले, बिघाड कसा ओळखता? ते म्हणाले, "आवाजावूनच समजते ना भाऊ, नोजल गेलं का पंप गेला थे. पण आता गाडी आवाजच नाई देत, नुस्ता लाइट लावते." सर्टिफिकेट आहे का म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "हे पाहा सर्टिफिकेट."

ते हात खरे आहेत. पण कंपनीच्या वर्कशॉपच्या दारावर हात पाहत नाहीत, कागद पाहतात. आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकलला जायचे तर दहावी लागते, आणि आपला पोरगा आठवीतून गॅरेजवर गेलेला असतो. १९३८ ला वर्कशॉपचे दार जातीने बंद होते. आज ते कागदाने बंद होते आहे. आणि तो कागद कोणाकडे नाही, हे पाहिले तर जात पुन्हा तिथेच उभी दिसते.

यात आपला दोष नाही का? आपल्यातले जे नोकरदार झाले, ते गॅरेजवरच्या भाच्याची ओळख करून देताना "शिकला नाही, म्हणून तिकडे आहे" असे म्हणतात. काळ्या हातांची लाज वाटणे हाच मनुवाद आहे, मग तो निळ्या झेंड्याखाली का असेना. श्रमाला कमी लेखायला त्या उतरंडीनेच आपल्याला शिकवले.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा ट्रक ज्याने नीट केला त्याच्याकडे १५ एप्रिलला जा. आपल्या वस्तीतल्या मिस्त्री-हेल्परांची यादी करा. त्यांची ई-श्रमवर नोंद करा. अनुभवावर कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सरकारी सोय आहे, तिचे अर्ज भरून द्या. विहारात संध्याकाळी स्कॅनर आणि वायरिंगचा वर्ग घ्या, आयटीआय झालेला आपलाच एखादा शिकवेल. मिस्त्रींनी मिळून एक स्कॅनर विकत घ्यावा, एकट्याला जड जातो तो दहा जणांना जड जात नाही. आणि जो 'छोटू' चौदा वर्षांखालचा आहे त्याला आधी शाळेत बसवा. त्याला मिस्त्री व्हायचे असेल तर होऊ द्या, पण दहावीनंतर आणि स्वतःच्या मर्जीने.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण भिंतींवर लिहितो. ट्रकखालच्या माणसाने शिकण्याचे काम केव्हाच केले आहे. संघटित करण्याचे काम आपल्याकडे बाकी आहे.

जय भीम.