ओढत्या गळाची मासेमारी : फिरकी-आमिष आणि हिडकल जलाशय

चालत्या होडीमागे आमिष लावलेला गळ ओढत नेऊन मोठ्या जलाशयातला शिकारी मासा धरण्याची पद्धत. हौशी मासेमारांमध्ये ती ‘ट्रोलिंग’ या नावानेच ओळखली जाते. तिच्या एका प्रकारात, म्हणजे फिरकी-आमिषात, आमिषाच्या पुढे धातूचे लहानसे पाते बसवलेले असते. होडी चालू लागली की पाते दोरीभोवती गरगर फिरते, चमकते आणि पाण्यात थरथर उठवते. ही जोडणी उत्तर अमेरिकेतल्या वॉलआय या माशासाठी विशेष वापरात आहे. बेळगाव–निपाणी सीमाभागात वॉलआय नाही. मात्र तसाच अंधुक उजेडात शिकार करणारा शिवडा इथल्या नद्यांत आहे, आणि घटप्रभेवर हिडकलचे धरण झाल्यापासून ट्रोलिंगला पुरेल एवढे पाणीही आहे. त्यामुळे ही नोंद प्रामुख्याने हिडकलच्या अंगाने लिहिली आहे.

जोडणी. मुख्य तंगुसाच्या टोकाला दीड-दोन मीटर लांबीचा वेगळा, तलम पण चिवट तुकडा बांधतात. त्याच्या शेवटी एकामागे एक असे दोन गळ असतात. त्यांच्या पुढे चार-सहा रंगीत मणी ओवतात आणि मण्यांच्या पुढे, एका लहान कडीत अडकवलेले पाते. मणी केवळ शोभेसाठी नसतात. पाते आणि गळ यांत अंतर ठेवणे आणि पात्याला मोकळेपणी फिरू देणे हे त्यांचे काम. दोन्ही गळांवर लांब गांडूळ असे टोचतात की ते पाण्यात सरळ ताणलेले राहावे. गांडुळाचा गोळा झाला तर सगळी जोडणी स्वतःभोवती फिरते आणि तंगुसाला पीळ पडतो. म्हणून जोडणीच्या पुढे गिरकी घेणारी कडी हवीच.

पात्याचा आकार हा या पद्धतीचा गाभा आहे. गोलसर, खोलगट पाते दोरीपासून बरेच बाहेर फेकले जाऊन फिरते. ते अगदी संथ वेगातही चालते आणि पाण्याला जोराचे हादरे देते. विलोच्या पानासारखे लांबट पाते दोरीला चिकटून वेगाने फिरते. त्याची चमक जास्त, हादरा कमी. गढूळ पाण्यात किंवा दिवस मावळताना गोल पाते आणि निवळ पाण्यात, चांगल्या उजेडात लांबट पाते, हा ठोकताळा सर्वत्र चालतो. त्यामागचे कारण माशाच्या शरीरातच आहे. माशाच्या दोन्ही कुशींवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या पार्श्वरेषेत पाण्याची हालचाल टिपणाऱ्या संवेदी पेशी असतात. डोळ्यांना दिसण्याआधीच फिरत्या पात्याचा ठोका त्या रेषेला जाणवतो. मासा त्या ठोक्याच्या दिशेने येतो, जवळ आल्यावर त्याला चमक दिसते, आणि अखेरीस तोंडात जाते ते गांडूळ.

वेग ताशी सुमारे दीड ते अडीच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीच्या निम्मा किंवा त्याहून कमी. जोडणी पाण्यात सोडण्यापूर्वी होडीच्या कडेला धरून पाते फिरते का हे पाहण्याची सवय प्रत्येक जाणता मासेमार ठेवतो. पाते अडखळत असेल तर वेग कमी पडतो आहे. गांडूळच फिरू लागले तर वेग जास्त झाला आहे. दांडा हातात असेल तर चालू पात्याची बारीक, एकसारखी थरथर दांड्याच्या टोकापर्यंत येत राहते. ती अचानक थांबली तर तळाचे गवत अडकले असे समजावे. दांडा जड होऊन मागे ओढला जाऊ लागला तर मासा आहे. अशा वेळी झटका देऊ नये. दांडा थोडा मागे जाऊ द्यावा आणि मग शांतपणे उचलावा, कारण मासा बहुधा आधी मागचे टोक धरतो.

खोली साधण्यासाठी वजन लागते. तळाजवळ ओढायचे असेल तर उभ्या तारेच्या खालच्या भागात शिसे आणि बाजूच्या फाट्याला जोडणी अशी रचना करतात. तार तळावर टपटप आपटत चालते आणि गळ तळापासून थोडा वर राहतो. तंगूस पाण्यात साधारण ४५ अंशांनी उतरला पाहिजे. फार मागे पसरला तर वजन कमी आहे किंवा वेग जास्त. मोठ्या सरोवरांत दोरी होडीपासून बाजूला नेणाऱ्या तरत्या फळ्याही वापरतात, म्हणजे होडीच्या चाहुलीने बिथरलेला मासा टापूत राहतो.

पूर्वपीठिका. पाण्यात ओढण्याच्या धातूच्या चमच्यासारख्या आमिषाचे पेटंट अमेरिकेत जुलिओ बुएल यांनी १८५२ मध्ये घेतले. पुढे फिरत्या पात्याची आमिषे कारखान्यांत होऊ लागली. वॉलआय (सँडर व्हिट्रिअस) हा पर्च कुळातला मासा. त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असल्याने मंद उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा चांगले दिसते. त्यामुळे पहाट, सांजवेळ आणि वाऱ्याने पाणी ढवळलेले असतानाचा काळ या त्याच्या शिकारीच्या वेळा. एरी सरोवर त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. मिनेसोटा राज्याने १९६५ मध्ये त्याला राज्यमासा ठरवले.

गळाने मासे धरण्याचा छंद आपल्याकडे बाहेरून आला असा समज आहे. तो चुकीचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद असे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात माशांचे प्रकार, त्यांना द्यायचे खाद्य आणि गळ टाकण्याची रीत यांचे वर्णन येते. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास त्यावर लिहून ते अभ्यासकांपुढे आणले. आजचा बेळगाव परिसर त्या चालुक्यांच्या राज्यातच होता, तेव्हा गळाच्या विद्येचा इतका जुना ग्रंथ आपल्या दाराशी लिहिला गेला असे म्हणायला हरकत नाही. इंग्रजी अमलात हेन्री सलिव्हन थॉमस या सनदी अधिकाऱ्याच्या ‘द रॉड इन इंडिया’ (१८७३) या पुस्तकाने दक्षिणेतल्या महाशीर माशाला गळावर घेण्याचे तंत्र इंग्रजी वाचकांपर्यंत नेले. त्यात फिरत्या आमिषाला मोठे स्थान आहे.

सीमाभागातील पाणी. हा मुळात नद्यांचा प्रदेश. नैसर्गिक सरोवर इथे नाही. घटप्रभा सह्याद्रीच्या माथ्यावर चंदगड–आंबोलीच्या पट्ट्यात उगम पावते. चंदगडकडची ताम्रपर्णी तिला मिळते आणि हुक्केरी तालुक्यात हिडकल इथे तिला अडवले आहे. धरणाचे अधिकृत नाव राजा लखमगौडा जलाशय. वंटमुरीचे दानशूर राजे लखमगौडा सरदेसाई यांच्या स्मरणार्थ ते ठेवले आहे. धरण १९७०च्या दशकात पुरे झाले. साठवण सुमारे ५१ टीएमसी (अब्ज घनफूट). तुलनेसाठी, निपाणीच्या पाण्याशी संबंध असलेले दूधगंगेवरचे काळम्मावाडी धरण सुमारे २५ टीएमसीचे आहे. बेळगाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग हिडकलमधूनच येतो.

मासेमाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की हिडकलची पातळी वर्षभर हलती असते. पावसाळ्यात जलाशय भरतो, आणि शेती व शहरे यांना पाणी देत देत मे महिन्यापर्यंत बराच उतरतो. उन्हाळ्यात बुडालेल्या शिवारांचे बांध, झाडांचे बुंधे, जुन्या वाटा उघड्या पडतात. हुन्नूरचे विठ्ठल मंदिरही तेव्हा पाण्याबाहेर येते आणि लोक दर्शनाला जातात. ज्याला पुढच्या हिवाळ्यात इथे गळ ओढायचा आहे त्याने उन्हाळ्यात या उघड्या तळावरून पायी फिरावे. मूळ नदीचे पात्र कुठे वळते, बांध कुठे संपतो, दगडांची रास कुठे आहे हे तेव्हा डोळ्यांनी पाहता येते. पाणी चढल्यावर तेच मासा दबा धरून बसण्याचे ठिकाण ठरते, आणि गळ अडकण्याचेही. खोली दाखवणारे महागडे यंत्र तळाबद्दल याहून फारसे अधिक सांगत नाही.

निपाणीच्या बाजूला चित्र वेगळे आहे. वेदगंगा आणि दूधगंगा यांवर जत्राट–भिवशी, अक्कोळ–सिदनाळ, कारदगा–भोज असे बंधारे आहेत. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातात आणि पाऊस ओसरल्यावर त्यांच्या मागे लांबट, शांत डोह तयार होतात. होडी चालवून ट्रोलिंग करण्याएवढी रुंदी तिथे नाही. काठावरून फिरकी फेकून रिळाने सावकाश गुंडाळत आणणे हेच तिथे योग्य.

शिवडा. शास्त्रीय नाव वॅलॅगो अट्टू. अंगावर खवले नाहीत, शरीर चपटे, पोटाखालचा पर शेपटीपर्यंत लांब. तोंडाची फट डोळ्याच्याही मागे जाते आणि जबड्यांत आत वळलेल्या बारीक, टोकदार दातांच्या पट्ट्या असतात. लांब मिशांनी तो अंधारात वाट काढतो. दिवसा काठाखालच्या कपारीत किंवा बुंध्याच्या आडोशाला पडून राहतो आणि उजेड कमी झाला की लहान माशांवर तुटून पडतो. मीटरभर लांबीचा शिवडा असामान्य नाही; त्याहून बरेच मोठेही नोंदले गेले आहेत. वॉलआयसाठी बनलेली जोडणी त्याच्यापुढे जशीच्या तशी टिकत नाही. शेवटचा तुकडा दातांनी सहज कापला जातो, म्हणून तिथे बारीक पोलादी तार घालावी लागते. गळ मोठे आणि जाड तारेचे हवेत. गोल पाते मात्र तेच चालते, कारण हिडकलचे पाणी पावसाळ्यानंतर बराच काळ गढूळ असते.

शिवड्याखेरीज मरळ, शिंगाळा आणि महाशीर हेही फिरत्या पात्यावर येऊ शकतात. मरळ उथळ, गवताळ काठाचा मासा असल्याने ट्रोलिंगच्या वाटेत क्वचितच येतो. त्याच्यासाठी काठावरून फेकणे बरे. वामीला तळाचे गांडूळ प्रिय, पण तिला पात्याच्या मागे धावण्याची सवय नाही. कटला, रोहू, मृगळ यांच्यासाठी ही पद्धत निरुपयोगी आहे. ते वनस्पती, तरंगते सूक्ष्मजीव आणि तळाचा गाळ यांवर जगतात; त्यांना पेंडीचा किंवा पिठाचा गोळाच लागतो.

व्यवसाय. हिडकलवरचा धंदा जाळ्यांचा आहे, ओढत्या गळाचा नाही, आणि तो प्रामुख्याने सोडलेल्या कटला-रोहूच्या बीजावर आणि आपोआप पसरलेल्या चिलापीवर उभा आहे. कानडी मुलखात अंबिग आणि मराठी मुलखात भोई व कोळी हे पाण्यावरचे परंपरागत समाज. कर्नाटकात ज्या गोल, टोपलीसारख्या होडीला हरिगोलु म्हणतात ती जाळे सोडायला उत्तम. पण एका रेषेत, एका वेगाने चालवणे अवघड असल्याने ट्रोलिंगला गैरसोयीची. त्यासाठी निमुळत्या तोंडाची वल्ह्यांची होडी बरी. लागणारा वेग इतका संथ आहे की दोन वल्ह्यांवर तो सहज साधतो. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात इंजिनाचा धूर आणि तेल नको असेल तर ही जमेची बाजू आहे. जाळ्यांच्या रांगांवर खूण म्हणून तरंगती डबडी बांधलेली असतात. त्यांच्यामधून गळ ओढणे म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर पाय देणे. गळ जाळ्यात गुंतला तर दोन्ही तुटतात आणि नुकसान जाळेवाल्याचे होते. कोणत्या भागात जाळी आहेत हे पाण्यावरच्या माणसाला विचारूनच निघावे.

जतन आणि नियम. शिवड्याची नोंद आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ‘असुरक्षित’ या वर्गात आहे. कृष्णा खोऱ्यातला कोळस मासाही त्याच वर्गात येतो. हाच कोळस आणि दख्खनचा महाशीर (टॉर खुद्री) यांचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये, दख्खनच्या नद्यांत गोळा केलेल्या माशांवरून केले होते. धरणाने शिवड्याला विस्तीर्ण पाणी दिले, पण पावसाळ्यात विणीसाठी वर चढण्याच्या वाटा अनेक ठिकाणी बंधाऱ्यांनी तोडल्या. बीज सोडले जाते ते कार्प माशांचे. शिकारी देशी माशांकडे फारसे कुणी पाहत नाही. फिरकी-आमिष नेमके याच माशांना वेचून काढते, आणि म्हणून हिडकलवर ते वापरणाऱ्याची जबाबदारी जाळेवाल्याहून जास्त आहे. अंडी भरलेली मादी पावसाच्या सुरुवातीला गळावर आली तर ती परत सोडलीच पाहिजे, या मताला अपवाद करण्याचे कारण दिसत नाही. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटा वीज कंपनीने महाशीरचे बीज तयार करण्याचे काम चालवले आणि त्या माशाला हात दिला. शिवड्यासाठी या खोऱ्यात तसे काम उभे राहायला हवे.

सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. कर्नाटकात अंतर्गत जलक्षेत्रातली मासेमारी १९९६ च्या राज्य कायद्याखाली येते, आणि गळ टाकण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय खात्याकडे परवान्याची चौकशी करावी. चंदगड, आजरा, गडहिंग्लज बाजूच्या धरणांवर महाराष्ट्राचे नियम लागू होतात. नदी एकच असली तरी हद्द ओलांडली की परवानगी दुसऱ्या राज्याची लागते.

सोडायचा मासा ओल्या हातांनी धरावा. शिवड्याला खवले नसल्याने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचे चिलखत आहे. कोरड्या फडक्याने धरले की तो निघतो आणि जखमेत बुरशी धरते. गळाचे उलटे दात आधीच पक्कडीने दाबून सपाट केले तर गळ पटकन सुटतो. शिवड्याच्या जबड्यात बोटे घालू नयेत, लांब चिमटा वापरावा. तुटलेला तंगूस पाण्यात किंवा काठावर टाकू नये. जलाशयाच्या काठी येणाऱ्या बगळ्यांच्या आणि करकोच्यांच्या पायांत तो अडकतो, आणि उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळपेरावर चरणाऱ्या गुरांच्या पोटातही जातो.