औषध एक, माप अनेक

एकाच कारखान्यांत तयार झालेली एकच गोळी दोन रोगी घेतात. पहिल्याला दिवसाला १ मिलिग्रॅम पुरते. दुसऱ्याला १५ मिलिग्रॅम दिल्यावांचून गुण येत नाहीं. पहिल्याची मात्रा दुसऱ्याला दिली तर ती व्यर्थ जाऊन त्याच्या शिरेंत रक्ताची गुठळी होईल. दुसऱ्याची पहिल्याला दिली तर त्याच्या मेंदूंत किंवा आंतड्यांत रक्तस्राव होऊन प्राणावर बेतेल. वॉरफॅरिन या औषधाचें वैशिष्ट्य हें असें आहे. ‘रक्त पातळ करणारें औषध’ या नांवानें लोक त्याला ओळखतात. वास्तविक तें रक्त पातळ करीत नाहीं, रक्त साकळण्याची क्रिया तेवढी मंद करतें. त्याचें माप माणसागणिक इतकें कां बदलतें, हें कोडें सुटण्यास सुमारें ऐंशी वर्षें लागलीं. आणि त्या शोधाचा प्रारंभ रुग्णालयांत नव्हे, तर गुरांच्या गोठ्यांत झाला.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील नॉर्थ डाकोटांत व कॅनडांतील अल्बर्टा प्रांतांत स्वीट क्लोव्हर ही चाऱ्याची वनस्पति मोठ्या प्रमाणावर पेरली जाऊं लागली. मेथीच्या जातकुळींतील ही वनस्पति निकृष्ट जमिनींतहि जोमानें वाढते. परंतु १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत हा चारा खाणाऱ्या गुरांवर विलक्षण संकट कोसळलें. शिंगें कापलेलीं किंवा खच्ची केलेलीं जनावरें जखमेंतून रक्त वाहून मरूं लागलीं. कांहींना तर जखम नसतांहि आंतल्या आंत रक्तस्राव होई. कॅनडांतील पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनीं १९२२ च्या सुमारास त्याचें मूळ शोधून काढलें. त्यांनीं एकाच गंजींतील चांगल्या काड्या व बुरसलेल्या काड्या वेगळ्या केल्या आणि त्या निरनिराळ्या सशांना चारल्या. चांगला चारा खाणारा ससा सुखरूप राहिला. बुरसलेला चारा खाणारा रक्तस्रावानें मेला. दोष वनस्पतीचा नव्हता. ओल्या गंजींत बुरशीनें उत्पन्न केलेल्या विषाचा होता. पुढें अमेरिकेंतील रॉडेरिक यांनीं दाखविलें कीं, रोगी गुरांच्या रक्तांत प्रोथ्राँबिन हा साकळण्यास आवश्यक असलेला घटक कमी पडतो.

१९३३ च्या फेब्रुवारींत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी हिमवादळांतून सुमारें १९० मैल मोटार हांकीत मॅडिसन शहरीं आला. गाडींत एक मेलेली कालवड, न साकळलेल्या रक्तानें भरलेलें दुधाचें भांडें आणि बुरसलेल्या चाऱ्याचा भारा होता. शनिवार असल्यामुळें सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद होती. म्हणून तो विद्यापीठांतील रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या दारीं पोंचला. चारा बदला आणि जमल्यास जनावरांना ताजें रक्त द्या, यापलीकडे लिंक त्याला कांहीं सांगूं शकले नाहींत. शेतकरी उपायावांचून परतला. पण त्याच्या त्या भांड्यानें लिंक यांच्या प्रयोगशाळेला पुढील कित्येक वर्षांचें काम लावून दिलें. १९३९ सालीं त्यांचे सहकारी हॅरल्ड कॅम्पबेल यांनीं तें विष शुद्ध स्फटिकरूपांत मिळविलें, आणि १९४० सालीं तें प्रयोगशाळेंत तयारहि झालें. त्याला डायक्युमेरॉल असें नांव पडलें, आणि लवकरच डॉक्टर तें गुठळ्यांच्या रोगावर देऊं लागले.

याच कुळांतील दुसरें एक रसायन लिंक यांनीं उंदीर मारण्यासाठीं निवडलें. संशोधनास पैसा पुरविणाऱ्या विस्कॉन्सिन अॅलम्नाय रिसर्च फाउंडेशन या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला वॉरफॅरिन हें नांव मिळालें, आणि १९४८ सालीं तें बाजारांत आलें. उंदरांचें विष माणसाला देण्यास डॉक्टर साहजिकच कचरत होते. परंतु १९५१ सालीं अमेरिकन सैन्यांत भरती झालेल्या एका तरुणानें जीव देण्याच्या हेतूनें तें खाल्लें, आणि जीवनसत्त्व ‘के’ देतांच तो बरा झाला. विषावर उतारा आहे, हें अशा रीतीनें कळून आलें. १९५४ सालीं वॉरफॅरिनला औषध म्हणून मान्यता मिळाली. आणि १९५५ सालीं हृदयविकाराचा झटका आल्यावर अध्यक्ष आयझेनहॉवर यांना तें देण्यांत आलें, तेव्हां त्याविषयींचा संकोच पुष्कळच दूर झाला.

औषध मिळालें, पण माप कोठें होतें? रोग्याचें रक्त साकळण्यास किती सेकंद लागतात, हें मोजण्याची पद्धति आर्मंड क्विक यांनीं १९३५ सालीं सांगितली होती. मात्र त्या परीक्षेसाठीं लागणारें द्रव्य प्राण्यांच्या मेंदूसारख्या अवयवांपासून करीत, आणि त्याचा गुण जागोजागीं वेगळा असे. त्यामुळें एका शहरांतील आंकडा दुसऱ्या शहरांत निरर्थक ठरे. अमेरिकेंतील द्रव्य कमी संवेदनशील असल्यानें तेथील रोग्यांना ब्रिटनमधील रोग्यांपेक्षां अधिक औषध दिलें जाई, आणि रक्तस्रावहि अधिक होत. १९८३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आयएनआर हें समान माप ठरवून दिलें. निरोगी माणसाचा हा आंकडा सुमारें १ असतो. गुठळीच्या बहुतेक रोग्यांत तो २ ते ३ च्या दरम्यान राखावयाचा असतो. यांतील मर्म असें कीं, दोन रोग्यांत समान राखावयाचा तो हा आंकडा. तो गाठण्यास लागणारी गोळी समान नसते.

ती समान कां नसते, याचें पहिलें सूचन पुनः जनावरांकडूनच आलें. १९५८ सालीं स्कॉटलंडमध्यें वॉरफॅरिन खाऊनहि न मरणारे उंदीर आढळले. १९६४ सालीं ओ’रायली यांनीं एका अमेरिकन कुटुंबाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतील कांहीं माणसांना नेहमीच्या मात्रेच्या कित्येक पट औषध लागे, आणि हा गुण आनुवंशिक होता. यकृत जीवनसत्त्व ‘के’च्या साह्यानें साकळण्याचे चार घटक तयार करतें. वापरलेलें जीवनसत्त्व पुनः कामास लायक करणारें एक एन्झाइम शरीरांत आहे, आणि वॉरफॅरिन नेमकें त्यालाच अडवितें. २००४ सालीं त्या एन्झाइमचें जनुक सांपडलें, तेव्हां असें दिसून आलें कीं, न मरणारे उंदीर आणि औषधाला न जुमानणारीं माणसें या दोघांच्याहि या एकाच जनुकांत फरक झालेला असतो. ज्याच्या शरीरांत हें एन्झाइम कमी बनतें त्याला थोडें औषध पुरतें. चिनी व जपानी लोकांत ही घडण फार आढळते. म्हणून सरासरीनें त्यांना युरोपीय लोकांपेक्षां कमी मात्रा लागते, आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना अधिक.

दुसरें कारण यकृतांतच आहे. वॉरफॅरिनचा निचरा करणारें एक वेगळें एन्झाइम कांहीं लोकांत उपजतच मंद असतें. त्यांच्या शरीरांत औषध सांचत जातें, आणि इतरांना माफक असणारी मात्रा त्यांना जड होते. हीं दोन कारणें, तसेंच वय व वजन, हीं सारीं जमेस धरलीं तरी माणसामाणसांतील फरकाचा सुमारें निम्माच उलगडा होतो.

उरलेल्यांतील बराच भाग स्वयंपाकघरांत आणि औषधांच्या फडताळांत असतो. पालक, मेथी, कोथिंबीर यांत जीवनसत्त्व ‘के’ विपुल असतें. पालेभाजी नियमानें खाणाऱ्याची मात्रा त्या आहाराला जुळवून घेतां येते. घात होतो तो एकाएकीं केलेल्या बदलानें. चातुर्मासांत पालेभाजी वर्ज्य करणाऱ्या घरांत आयएनआर चढण्याचा संभव असतो, व्रत संपल्यावर उतरण्याचा. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन वॉरफॅरिनचा जोर कमी करतें. मेट्रोनिडाझोल तो वाढवितें. ॲस्पिरिन आंकडा फारसा न बदलतां रक्तस्रावाचें भय वाढवितें.

आतां ज्यांचें रक्त जन्मतःच अधिक साकळतें त्यांच्याविषयीं. १९६५ सालीं नॉर्वेमध्यें एगेबर्ग यांनीं अशा एका कुटुंबाचें वर्णन केलें. १९९४ सालीं हॉलंडमधील लायडन येथें या प्रकारचा एक फार आढळणारा दोष ओळखला गेला, म्हणून त्याला त्या शहराचें नांव मिळालें. एकच दोष असलेल्या दोन बहिणींना एकच मात्रा लागेल, असें समजणें स्वाभाविक आहे. पण तें खरें नव्हे. दोष साकळण्याच्या एका घटकांत असतो आणि मात्रा ठरविणारीं जनुकें निराळीं असतात. एक वारसा मिळाला म्हणून दुसरा मिळतोच असें नाहीं. तथापि कांहीं दोषांत विशेष सावधगिरी लागते. प्रोटीन ‘सी’ जन्मतः कमी असल्यास वॉरफॅरिनच्या आरंभींच्या दिवसांत कातडीच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन ती काळी पडूं शकते. म्हणून आधीं हिपॅरिन देतात. अँटिफॉस्फोलिपिड विकारांत कांहींचा आयएनआरच फसवा येतो.

जनुकें पाहून आरंभींची मात्रा ठरवावी काय, हें तपासण्यासाठीं झालेल्या दोन मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाले. युरोपांतील प्रयोगांत लाभ दिसला; अमेरिकेंतील प्रयोगांत दिसला नाहीं, आणि तेथील कृष्णवर्णीय रोग्यांत तर या पद्धतीनें आंकडा अधिकच चुकला. त्यांच्यांत आढळणारे जनुकभेद त्या हिशेबांत धरलेले नव्हते. सुमारें २०१० पासून ठरीव मात्रेचीं नवीं औषधें आलीं आहेत, आणि पुष्कळ रोग्यांना वॉरफॅरिनची गरज उरलेली नाहीं. परंतु हृदयांत धातूची झडप बसविलेल्यांना, आणि अँटिफॉस्फोलिपिड विकार तीव्र असलेल्यांना, आजहि तेंच द्यावें लागतें.

अशा रोग्यांना घरच्यांनीं एक गोष्ट विसरूं देऊं नये. आज बदललेल्या गोळीचा पूर्ण परिणाम आज दिसत नाहीं, कारण रक्तांत आधींपासून असलेलें प्रोथ्राँबिन ओसरण्यास कांहीं दिवस जातात. आंकडा उतरला म्हणून घाईनें दोन गोळ्या घेणारा, किंवा शेजाऱ्याला अर्धीच पुरते म्हणून स्वतःची अर्धी टाकून देणारा, आपला परिणाम चार दिवसांनीं भोगतो. मोठी मात्रा म्हणजे मोठा रोग नव्हे, आणि लहान मात्रा म्हणजे आराम पडल्याची खूण नव्हे. रक्ताची वेळच्या वेळीं तपासणी आणि ती पाहून डॉक्टरांनीं लिहून दिलेली मात्रा, हेंच त्या माणसाचें माप. आणि तें दुसऱ्या कोणाच्याहि चिठ्ठीवर लिहिलेलें नसतें.