गेलेली ठिणगी परत का आली? मॉडेल विमानांच्या इंजिनाचा एक धडा

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहायला घेतला की आपण नकळत एक जिना बांधतो. जुनं गेलं, चांगलं आलं, मग त्याहून चांगलं आलं. माझ्या पहिल्या मसुद्यात असंच होतं: ‘आधी स्पार्क इग्निशन, नंतर ग्लो प्लग.’ गाईडनी समासात एकच प्रश्न लिहिला: “मग आजच्या मोठ्या पेट्रोल मॉडेलमध्ये स्पार्क प्लग कसा?” त्या प्रश्नाने माझं प्रकरण मोडलं. पण तुम्हाला तो उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

1934 च्या सुमारास अमेरिकेत बिल ब्राऊन यांचं ‘ब्राऊन ज्युनियर’ हे सुमारे 10 सीसीचं पेट्रोल इंजिन विक्रीला आलं. 1937 मध्ये वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ हे रेडिओ-नियंत्रित मॉडेल उडवलं, तेही स्पार्कवरच. अडचण एकच होती. ठिणगीसाठी कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी हा सगळा संसार विमानालाच वाहावा लागे.

1947 मध्ये रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला. यात प्लॅटिनमयुक्त तारेचं वेटोळं असतं. सुरुवातीला ते बॅटरीने तापवायचं. पुढे ज्वलनाची उष्णता आणि मिथेनॉलवर होणारी प्लॅटिनमची उत्प्रेरक क्रिया यांमुळे ते तापलेलंच राहतं. बॅटरी जमिनीवर ठेवा आणि उडवा! बघता बघता स्पार्क मागे पडला.

इथे थांबलात तर जिना बरोबर वाटेल. पण आता इंधनाचा हिशेब बघा. 1 किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, तर 1 किलो मिथेनॉलला सुमारे 6.4 किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत मिथेनॉल दुपटीहून जास्त लागतं. छोट्या इंजिनात हे खपून जातं. पण मॉडेलं मोठी झाली, करवतीची पेट्रोल इंजिनं त्यांत बसू लागली, तेव्हा खपेना.

पेट्रोल आलं की ठिणगी आली आणि ठिणगी म्हणजे रेडिओ लहरी. हर्ट्झ यांनी 1880 च्या दशकात त्या ठिणगीनेच तर निर्माण केल्या होत्या! म्हणून प्लगवर धातूचं आवरण, प्लगमध्ये रोधक, इग्निशनची बॅटरी वेगळी आणि रिसीव्हरपासून दूर, असे उपाय रूढ झाले. बदल्यात एक सोय मिळाली: इलेक्ट्रॉनिक इग्निशन वेगानुसार ठिणगीची वेळ मागेपुढे करू शकतं. ग्लो प्लगमध्ये अशी मुभा नाही.

एक्झॉस्टचा प्रश्नही वेळेचाच. 1950 च्या दशकात पूर्व जर्मनीत वॉल्टर काडन यांनी टू-स्ट्रोक मोटारसायकलींसाठी एक्स्पान्शन चेंबर विकसित केला. नळीचा रुंदावणारा भाग सिलिंडरमधला धूर ओढतो. पुढचा निमुळता भाग दाबाची लाट परत पाठवतो आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण आत ढकलतो. मॉडेलचा ट्यून्ड पाइप याच तत्त्वावर चालतो. ही लाट कोणत्या आरपीएमला वेळेवर पोहोचेल, ते पाइपच्या लांबीवर ठरतं. म्हणून ‘उत्तम लांबी’ अशी एकच नसते.

आता माझ्या जिन्याला सुरुंग लावणारं उदाहरण. ऑगस्ट 2003 मध्ये मेनार्ड हिल यांच्या मॉडेलने न्यूफाउंडलंडहून आयर्लंड गाठलं, जवळजवळ 39 तासांत. वजन 5 किलोच्या मर्यादेत. इंजिन होतं 10 सीसीचं फोर-स्ट्रोक. मुळात ते ग्लोचं, पण मुद्दाम स्पार्कवर बदललेलं आणि कंदिलाच्या पेट्रोलसदृश इंधनावर चालणारं. 1947 मध्ये वजन वाचावं म्हणून ठिणगी गेली आणि इथे वजनाच्याच हिशेबाने ती परत आली. काही मिनिटांच्या उड्डाणात बॅटरी जड. 39 तासांत इंधन जड.

तेव्हा तुमच्या मसुद्यात ‘कालबाह्य’ हा शब्द आला की थांबा. शेजारी लिहा: किती मोठ्या यंत्रात, किती वेळासाठी, कोणत्या इंधनावर? उत्तर लिहिता आलं नाही, तर तो शब्द खोडा. मी खोडला.