साखरेची उलटी वाट

हृदयाचे दुखणे जुनेच; यंदा मधुमेहही निघाला. वडील याच जोडदुखण्याने गेले, म्हणून धास्तावलो. डॉक्टरांनी दिलेली गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते म्हणे! मास्तराची खोड; मी इतिहास चाळला.

रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या वैद्यांनी केव्हाच लिहून ठेविले. १७७६ साली इंग्लंडात मॅथ्यू डॉबसनने ती आटवून तळाची साखर दाखविली. १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन निघाले. त्याने लघवीत साखर उतरते, हे १८८६ मध्ये फॉन मेरिंगने पाहिले. त्याच वंशातली माझी एम्पाग्लिफ्लोझिन. २०१५ च्या चाचणीत तिने मधुमेही हृदयरोग्यांचे मृत्यू घटविले.

वडिलांच्या लघवीत साखर दिसली की घर चिडीचूप होई. माझ्या लघवीत दिसली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘‘छान! गोळी चालू ठेवा, मास्तर.’’